रोखीचा भाव

या वीकेंडला जरा पैशांबद्दल लिहितो. घाबरू नका, म्युच्युअल फंड वगैरे काही नाही. विषय अगदी साधा आहे. घरखर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर कार्ड कपाटात टाका आणि रोख पैसे वापरा, असा एक सल्ला आपल्याला सतत मिळत असतो. कधी यूट्यूबवरून, कधी अमेरिकन पुस्तकांतून, कधी सासऱ्यांकडून. हा सल्ला बरोबर का आहे (आणि कुठे तोकडा पडतो) याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला सापडलं ते नगर जिल्ह्यातल्या एका गावातल्या कुळाने दीडशे वर्षांपूर्वी केलेल्या अर्जात.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर. जुन्या कागदांत अहमदनगर. बोलताना सगळे नगरच म्हणतात, त्यामुळे मीही इथे नगरच लिहिणार आहे.

तर गाव मिरजगाव, तालुका कर्जत. नगरहून सोलापूरला जाताना लागतं, तुमच्यापैकी कितीतरी जण तिथून गेले असतील. एकोणिसाव्या शतकात तिथल्या एका कुळाने नगरच्या कलेक्टरला सावकारांच्या जाचाबद्दल अर्ज केला. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर जो चौकशी आयोग बसला, त्याच्या कागदपत्रांत तो आहे. मजकूर थोडक्यात असा : आमची कमाई घरखर्चाला पुरत नाही, म्हणून पैसे, कपडे आणि धान्य यांसाठी सावकारापुढे हात पसरावा लागतो. तो देतो, पण खतात कडक अटी घालून. शिवाय कपडे आणि धान्य आम्हाला रोखीच्या भावाने मिळतच नाही. रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा आमच्याकडून २५ ते ५० टक्के जास्त घेतले जातात. शेतातला माल सावकार उचलून नेतो, खात्यावर जमा करतो म्हणतो, पण जमा करत नाही. आणि नेलेल्या मालाची पावतीही देत नाही.

हे वाचल्यावर मी थबकलोच. कारण व्याजाचा मुद्दा यात अजून आलेलाच नाही! उधारीवर व्याज लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. हा अर्जदार तक्रार करतोय ती व्याजाच्या आधी होणाऱ्या तीन गोष्टींबद्दल. एक, उधारीच्या मालाचा भावच वेगळा. दोन, परतफेड केली तरी ती लिहिली जात नाही. तीन, हातात कागद नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस एकाचा, राइट परमिशन त्यालाच, आणि ज्याच्या नावाचं खातं आहे त्याला साधी रीड परमिशनही नाही.

आता ही माणसं या अवस्थेला आली कशी? उधळेपणामुळे, असं उत्तर त्या काळच्या साहेबांकडेही तयार होतं आणि आपल्याकडेही असतं. पण जरा क्रम बघू.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात रयतवारी आणली. सारा रोख भरायचा, ठरलेल्या तारखेला भरायचा, पीक आलं काय आणि बुडालं काय. शेतकऱ्याचं उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा येतं आणि पोट रोज लागतं. या दोन टोकांमध्ये जी फट असते ती सावकार भरत असे. त्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोपर्यंत ब्रिटनला लागणारा तीन चतुर्थांश कच्चा कापूस अमेरिकेतून जायचा, तो थांबला. मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा झाला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैसा ओतला, तो शहरातल्या सावकारांमार्फत गावच्या सावकारांपर्यंत आला, आणि दख्खनच्या गावांत कापूस लावणाऱ्याला एकरी १०० रुपये आगाऊ मिळू लागले. मागेल त्याला कर्ज! मोबाइलवर 'तुमचं लिमिट वाढवलं आहे' असा मेसेज येतो ना, तसाच हा प्रकार.

१८६५ ला युद्ध संपलं. अमेरिकन कापूस परत बाजारात आला आणि आपल्याकडचे भाव कोसळले. सावकारांनी हात आखडता घेतला, जुनी बाकी मागायला सुरुवात केली. नेमक्या त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी झाली आणि कित्येक ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. म्हणजे उत्पन्न खाली, हप्ता वर आणि लिमिट बंद, तिन्ही एकदम. यात उधळपट्टी कुठे आहे, तुम्हीच सांगा.

आता व्याजाकडे येऊ. आयोगापुढे आलेल्या एका अर्जात दर दिला आहे : शेकडा दरमहा ३ रुपये २ आणे. १६ आण्यांचा रुपया, म्हणजे महिन्याला ३.१२५ टक्के, वर्षाला साडेसदतीस. आजच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांचा दर महिना साडेतीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात आहे, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. सावकार परवडला म्हणायची वेळ! (अर्थात सावकाराकडे ४५ दिवस बिनव्याजी मिळत नव्हते, आणि कार्डवाले पावती देतात. तो फरक मोठा आहे, त्याकडे पुढे येतोच.)

त्या काळात व्याजाला दोन लगाम होते. पहिला आपला जुना दामदुपटीचा नियम, मुद्दलापेक्षा व्याज जास्त होऊ द्यायचं नाही. दुसरा सरकारचा १८५९ चा मुदतीचा कायदा, साधं खत तीन वर्षांनंतर कोर्टात चालणार नाही. दोन्हींचा हेतू एकच, की व्याज साचत जाऊ नये. पण सावकाराने दुसऱ्या नियमातून पळवाट काढली आणि पहिला नियमही तिच्यातच वाहून गेला. तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलवायचं, मुद्दल अधिक व्याज मिळून नवं खत लिहायचं आणि अंगठा घ्यायचा. नव्या खतात जुनं व्याज मुद्दल होऊन बसतं. मग दामदुप्पट कशाची मोजणार?

मी हे गणित स्प्रेडशीटमध्ये टाकून पाहिलं. १०० रुपये, दर ३.१२५, दर तीन वर्षांनी नवं खत. तीन वर्षांनी २१२ रुपये ८ आणे. सहा वर्षांनी ४५१. नऊ वर्षांनी ९५९. बारा वर्षांनी २,०३९. एका जन्मात चार अंगठे आणि शंभराचे दोन हजार. हा नुसता कागदावरचा खेळ नाही. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण आयोगाने स्वतः नोंदवलं आहे.

कार्डावरची 'मिनिमम ड्यू' नावाची ओळ याच जातीची आहे. समजा बाकी ५०,००० आहे, दर साडेतीन टक्के, आणि किमान भरणा ५ टक्के म्हणजे २,५००. व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५. एकूण २,०६५. तुम्ही भरलेल्या अडीच हजारांपैकी मुद्दलातून कमी झाले ४३५ रुपये. वर बाकी राहिली की साधारणपणे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर आजपासून व्याज. माझ्या ओळखीतला एक सत्तावीस वर्षांचा मुलगा, पगार उत्तम, तीन कार्डांवर दोन वर्षं फक्त किमान रक्कम भरत होता. त्याला वाटत होतं की आपण वेळच्या वेळी बिल भरतोय. अंगठा उठवणाऱ्यालाही कदाचित असंच वाटत असेल.

तर १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. (पारनेरचं एमआयडीसीवालं नव्हे, बारामतीजवळचं.) मोठं बाजाराचं गाव. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. मागणी काय? खतं आणि चोपड्या बाहेर काढा. कागद मिळाले की भर चौकात होळी. काही ठिकाणी धान्य लुटलं गेलं, काही घरांना आगी लागल्या, पण रोख होता तो कागदावर. सावकाराने मुकाट्याने कागद दिले तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. तिथून हे लोण नगर जिल्ह्यात आलं, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरलं. दोनेक महिन्यांत ३० च्या वर गावं झाली. सत्तावन्न साल साहेबाच्या अजून लक्षात होतं, त्यामुळे लगेच फौज आली, गावागावांत पोलीस चौक्या बसल्या आणि ९५१ लोकांना अटक झाली.

इथे मराठी भाषेची एक गंमत बघा. हातातला पैसा तो रोख, आणि कर्जाचा कागद तो रोखा. एका कान्याचा फरक. नगरच्या शेतकऱ्याकडे रोख नव्हता, म्हणून त्याच्या नावाचा रोखा होता. आणि शेवटी त्याने जाळला तोही रोखाच, कारण तोच एक हिशोब होता आणि तो त्याच्या ताब्यात नव्हता.

सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. साऱ्याला दोष द्यायचं आयोगाने टाळलं आणि खापर सावकारांवर फोडलं, हे त्याच्याविरुद्ध सांगायलाच हवं. पण त्यात एक निरीक्षण असं आहे की घरखर्चाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते फ्रिजवर चिकटवावं. लग्नकार्यातल्या उधळपट्टीमुळे शेतकरी बुडतो, हे तेव्हाचं सर्वमान्य मत होतं. आयोग म्हणतो, लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिलं गेलंय. धान्य, रोजच्या गरजा, बी-बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घेतलेल्या छोट्या उधाऱ्यांनी कर्ज जितकं फुगतं, तितकं ते कधीतरी होणाऱ्या लग्नाने फुगत नाही. (सारा कारण नाही म्हणता म्हणता तो यादीत आलाच, असो.)

आपल्याकडेही चर्चा होते ती नव्या फोनची, गोव्याच्या ट्रिपची, लग्नाच्या हॉलची. मोठी खरेदी आपण चार दिवस विचार करून करतो. रात्री साडेदहाचं आइस्क्रीम, चार सबस्क्रिप्शन्स, दहा मिनिटांत येणारी कोथिंबीर, यांवर कोणी विचार करत नाही, कारण प्रत्येक रक्कम इतकी लहान की तिला विचाराची लायकीच नसते. आणि तीच महिन्यातून साठ वेळा येते.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर, असे चार जिल्हे. त्यातल्या तरतुदी बघा. खत गावच्या निबंधकापुढे नोंदवायचं. पैसे मिळाले की सावकाराने पावती द्यायची आणि खात्याचा उतारा द्यायचा. खटला आला तर कोर्टाने फक्त शेवटचं खत बघायचं नाही, त्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं, व्याज किती चढलं, याचा इतिहास उकरायचा. मिरजगावच्या तक्रारींना दिलेलं हे उत्तरच होतं. त्यात व्याजापेक्षा हिशोब उघडा करण्यावर भर जास्त होता.

पण कायद्याने फट भरत नाही. पावती मिळाली तरी पेरणीला पैसा हवाच. ते उत्तर नगरमध्येच पुढे सापडलं. लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली सहकारी पतपेढी काढली. पुढे धनंजयराव गाडगिळांना अध्यक्ष करून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झालं. हेच गाडगीळ रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीत होते. १९५४ साली आलेल्या त्या अहवालात दिसलं की देशातल्या शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा होता जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० च्या आसपास. म्हणजे दंग्यांनंतर पाऊणशे वर्षांनीही सावकार जागेवरच होता. आज किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं. तेही कार्डच आहे! तेव्हा कार्ड वाईट आणि रोख चांगली, असा सोपा निकाल मला लावता येत नाही.

मग रोखीत नेमकं आहे काय?

एमआयटीच्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन प्राध्यापकांचा २००१ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एमबीएच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. अर्ध्यांना सांगितलं रोख द्यावे लागतील, अर्ध्यांना सांगितलं कार्ड चालेल. कार्डवाल्यांनी जवळपास दुप्पट बोली लावली. तीच मुलं, तीच तिकिटं. म्हणजे मिरजगावात उधारीचा भाव वाढवायला सावकार लागत होता, आता आपला भाव आपणच वाढवून घेतो.

दुकानातही रोखीचा भाव आता वेगळा दिसत नाही. 'नो कॉस्ट ईएमआय' घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. आज बहुतेक वेळा जे होतं ते असं की विक्रेता व्याजाइतकी सूट देतो आणि बँक ती व्याज म्हणून घेते. एकदम पैसे भरणाऱ्याला कधीकधी ती सूट मिळते, कधी मिळत नाही. विचारायला हवं. '२५ ते ५० टक्के जास्त' हे निदान मिरजगावच्या माणसाला ठाऊक होतं, तो आकडा त्याने अर्जात लिहिला. तुमच्या फोनच्या हप्त्यातला तो आकडा तुम्हाला सांगता येईल का?

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने पूर्ण बदलली आहे. पगार. दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, खर्चाच्या आधी पैसा हातात. मिरजगावच्या अर्जदाराला रोखीचा भाव माहीत होता, रोख नव्हती. 'शिस्त लावा, रोख वापरा' हा सल्ला त्याला देणं हा क्रूर विनोद झाला असता. आजही ज्यांचं उत्पन्न हंगामाला येतं किंवा रोजंदारीवर आहे, त्यांना हा सल्ला देताना जपून. आपल्याला तो लागू पडतो, कारण आपल्याकडे ती फट नाहीच. ज्याच्याकडे फट नाही त्याने महिन्याला साडेतीन टक्के का द्यावेत?

आमच्या घरी गेलं वर्षभर जे चालू आहे ते सांगतो. भाडं, वीज, शाळेची फी, विमा हे सगळं खात्यातून आपोआप जातं, तिथे रोखीचा काही फायदा नाही. उरलेलं, म्हणजे भाजी, किराणा, बाहेरचं खाणं, रिक्षा आणि 'असंच', यासाठी दर शनिवारी ठरावीक रोख रक्कम पोह्यांच्या जुन्या डब्यात. बायकोची आजी याच पद्धतीने चार मुलांचं घर चालवायची, त्यामुळे शोध आमचा नाही. यूपीआय फोनवर आहे, पण या खर्चांना वापरायचं नाही. गुरुवारी डब्याचा तळ दिसायला लागतो आणि शुक्रवारी पिठलं होतं. बजेट ॲपचा लाल आलेख मला कधी पिठल्यापर्यंत घेऊन गेला नव्हता.

रोखीची एक उणी बाजू आहे, ती मिरजगावचीच : पावती नाही. डबा रिकामा झाला हे कळतं, कशावर झाला ते कळत नाही. म्हणून डब्याशेजारी दोरीला बांधलेलं पेन आणि चाळीस पानी वही. दोघांनीही लिहायचं, दोघांनीही वाचायचं. कार्डाचं स्टेटमेंट याहून कितीतरी व्यवस्थित असतं, हे मान्य. फक्त ते महिन्याने येतं, आणि तोवर खर्च करून झालेला असतो. वही त्याच संध्याकाळी बोलते.

तुम्हाला डबा नको असेल तर हरकत नाही. निदान या महिन्याचं स्टेटमेंट उघडा आणि तीन आकडे शोधा : वर्षाचा व्याजदर, किमान रक्कम भरली तर त्यातलं मुद्दलात किती जातं, आणि ५०० रुपयांच्या आतल्या व्यवहारांची एकूण बेरीज. पहिले दोन बहुतेकांना ऐकून माहीत असतात. तिसरा मी आमच्या घरचा काढला तेव्हा तो गाडीच्या हप्त्यापेक्षा मोठा निघाला होता.